वात, तार आणि वाफ

व्हेपच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या, यंत्राची जाहिरात पाहिली तर त्यात रंग असतो, चकचकीत पडदा असतो, झुरक्यांचे मोठमोठे आकडे असतात आणि वॅट असतात. यंत्र चांगलं की टाकाऊ, हे यातल्या एकाही गोष्टीवरून कळत नाही. ते ठरतं आत, बोटाच्या पेराएवढ्या जागेत. तिथे एक तापणारी तार असते, तिला बिलगून बसलेला कापूस असतो आणि त्या कापसापर्यंत पोचणारं द्रव असतं. तार जितक्या वेगाने द्रव उडवते तितक्या वेगाने कापूस पुन्हा ओला होत राहिला, तर वाफ येते. कापूस मागे पडला तर तो करपतो, घशात जळका दणका बसतो आणि वाफेत नको ती रसायनं तयार होतात. बॅटरी, चिप, टाकी, हवेची छिद्रं, हा सगळा पसारा कापूस कोरडा पडू नये म्हणून असतो. माझ्या लेखी चांगल्या यंत्राची व्याख्या एवढीच आहे.

हे यंत्र कोणासाठी, तेही आधीच सांगायला हवं. सिगारेट ओढणाऱ्या आणि ती सुटत नसलेल्या प्रौढ माणसाने याचा विचार केला तर त्याला काही अर्थ आहे. जो ओढतच नाही, त्याच्यासाठी सर्वांत उत्तम यंत्र म्हणजे कुठलंच नाही. निकोटिनचं व्यसन लागतं. मग ते धुरातून आलेलं असो की वाफेतून. तंबाखू जळत नसल्यामुळे डांबर नाही आणि सिगारेटइतका कार्बन मोनॉक्साइड नाही, हे खरं. पण म्हणून ती वाफ म्हणजे स्वच्छ हवा नव्हे. शिवाय कायदा देशोदेशी वेगळा आहे. युरोपीय संघात टाकी २ मिलिलिटरची, बाटली १० मिलिलिटरची आणि निकोटिन मिलिलिटरला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम, अशी मापं ठरवून दिलेली आहेत. भारतात २०१९ च्या कायद्याने उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यांवरच बंदी आहे. चोरून आलेल्या मालात पुढे लिहिलेल्यातलं जवळपास काहीच तपासून घेता येत नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं.

अमेरिकेच्या हर्बर्ट गिल्बर्टने १९६३ साली तंबाखूविना, धुराविना ओढायच्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पण ती बाजारात रुजली नाही. आज जे दिसतं त्याची सुरुवात २००३ च्या सुमारास चीनमध्ये होन लिक या औषधशास्त्रज्ञाने केली. त्याच्या यंत्रात द्रवाचे थेंब उडवायला ध्वनिलहरींचा वापर होता. पुढे ती जागा साध्या तापणाऱ्या तारेने घेतली, कारण ती स्वस्त पडते आणि सहज बदलता येते. तेव्हापासून या धंद्यातली बहुतेक खरी सुधारणा तार आणि कापूस यांच्यातच झाली आहे. बाकी बरंचसं डबा बदलणं आहे.

आधी द्रव समजून घेऊ, कारण यंत्र द्रवाला साजेसं निवडायचं असतं. लोक नेमकं उलट करतात. ई-लिक्विडमध्ये मुख्य दोन पदार्थ असतात: प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. बाटल्यांवर त्यांना पीजी आणि व्हीजी म्हणतात. पीजी १८८ अंश सेल्सियसला उकळतं, ग्लिसरीन सुमारे २९० अंशांना. पीजी पातळ, ग्लिसरीन दाट. साध्या तापमानाला ग्लिसरीनचा दाटपणा पीजीच्या पंचवीसेक पट भरतो. पीजी स्वाद चांगला वाहून नेतं आणि घशाला टोचतं, ग्लिसरीन ढग देतं आणि किंचित गोड लागतं. पण यंत्राच्या दृष्टीने महत्त्वाचं काय, तर दाट द्रव बारीक छिद्रातून वेळेवर पोचत नाही आणि पातळ द्रव मोठ्या छिद्रात थांबत नाही. पॉड म्हणजे कमी वॅटचं छोटं यंत्र, आणि कॉइल म्हणजे तार आणि कापूस यांचा बदलता येणारा भाग. छोट्या पॉडच्या कॉइलला कापसाकडे जाणारी भोकं चिमुकली असतात. तिथे ७० टक्के ग्लिसरीनचं द्रव घातलं की चारपाच झुरक्यांनंतर कापूस कोरडा पडतो. मोठ्या टाकीच्या कॉइलमध्ये ५०-५० चं पातळ द्रव घातलं की ते मधल्या नळीत भरतं, गुडगुड आवाज येतो आणि तोंडात गरम थेंब उडतात. ‘यंत्र खराब निघालं’ अशा कितीतरी तक्रारींचं मूळ एवढंच असतं. ढोबळ मानाने पॉडला ५०-५० आणि ०.४ ओहमच्या (ओहम म्हणजे तारेचा विजेला होणारा विरोध) खालच्या कॉइलला ७० टक्के ग्लिसरीन. थंडीत द्रव आणखी दाटतं. तेव्हा नेहमीचं चालणारं मिश्रणही अडखळू शकतं.

आता कॉइल. दिव्याची वात तेल ओढते तसाच कापूस द्रव ओढतो. फरक एवढाच की इथे ज्योत नाही आणि कापूस जळता कामा नये. तारेवर किती वीज पडते याचं गणित शाळेतलंच आहे: व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. ३.७ व्होल्ट आणि १.२ ओहम असतील तर सुमारे ११ वॅट. तेच व्होल्ट ०.१५ ओहमच्या तारेवर टाकले तर ९१ वॅट होतात आणि बॅटरीतून जवळजवळ २५ अँपिअर प्रवाह खेचला जातो. आकडा लहान म्हणजे तार सौम्य, असं नवख्याला वाटतं. प्रत्यक्षात ओहम कमी तितकी भूक मोठी.

पण वॅट जास्त म्हणजे तार जास्त तापते, असंही सरळ नाही. तीच वीज मोठ्या पृष्ठभागावर पसरली तर प्रत्येक चौरस मिलिमीटरच्या वाट्याला कमी येते. म्हणूनच गोल गुंडाळलेल्या तारेऐवजी जाळीच्या पट्टीची कॉइल चांगली. पट्टी कापसाला सर्वत्र सारखी टेकते, एकसमान तापते आणि मध्येच कुठे लालबुंद ठिपका पडायची शक्यता कमी होते. यंत्र निवडताना मी सर्वांत आधी पाहीन ते हे: त्याला जाळीची कॉइल मिळते का, तिच्यावर वॅटची मर्यादा स्पष्ट छापलेली आहे का आणि तीच कॉइल वर्षभराने मिळेल का. कॉइल ही झिजणारी वस्तू आहे. तीन महिन्यांनी बंद पडणाऱ्या कॉइलसाठी घेतलेलं देखणं यंत्र म्हणजे कागदावर ठेवायचं वजन.

तार कशाची, याला महत्त्व आहे. कॅन्थल म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू. तापला तरी त्याचे ओहम जवळपास तेवढेच राहतात, म्हणून तो वॅटवर चालवतात. नायक्रोममध्ये निकेल आणि क्रोमियम असतं. ते झटकन तापतं, पण निकेलची ॲलर्जी असलेल्यांनी त्यापासून दूर राहिलेलं बरं. ३१६ एल जातीचं स्टेनलेस स्टील वॅटवरही चालतं आणि तापमान नियंत्रणावरही, कारण तापल्यावर त्याचे ओहम ठरावीक प्रमाणात वाढतात. चिप ती वाढ मोजते, त्यावरून तारेचं तापमान काढते आणि ठरवलेल्या अंशाला वीज कमी करते. कापूस कोरडा पडायला लागला की तापमान चढू पाहतं, पण चिप ते चढू देत नाही. झुरका करपट होण्याऐवजी नुसता पोकळ होतो. सुरक्षिततेच्या बाजूने यापेक्षा उपयोगी सोय या यंत्रांत दुसरी नाही, आणि दुर्दैवाने तिचाच वापर सर्वांत कमी होतो.

कारण ती नाजूक आहे. ०.५ ओहमची स्टीलची तार २०० अंशांनी तापली तर तिचे ओहम जेमतेम ०.५९ होतात. म्हणजे आटे नीट बसले नाहीत, टोकाला द्रवाचा चिकटा राहिला आणि ०.०५ ओहमचा फरक पडला, तरी शंभरेक अंशांचा घोटाळा. आणखी एक हमखास गफलत होते. कॉइल गरम असतानाच टाकी काढून परत लावली, तर चिप त्या वाढलेल्या ओहमला थंड तारेचे ओहम समजते. मग पडद्यावर २१० अंश दिसतात आणि तार प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त तापते. टाकी लावायची ती पूर्ण थंड झाल्यावर, आणि ओहमचा आकडा कुलूपबंद, म्हणजे चिपमध्ये कायम, करायची सोय असेल तर तेव्हाच करायचा. सुरुवातीला २०० ते २२० अंश पुरतात.

या तापमानाच्या आग्रहामागे कारण आहे. ग्लिसरीन फार तापलं की त्यातून ॲक्रोलीन निघतं, दोन्ही द्रवांतून फॉर्मल्डिहाइड. २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या एका पत्राने मोठी खळबळ उडवली होती. त्यात तेच यंत्र ३.३ व्होल्टवर चालवलं तेव्हा फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टवर भरपूर सापडली. त्यावर आक्षेप असा आला की त्या यंत्रावर ५ व्होल्ट म्हणजे कापूस करपलेला झुरका. इतका कडवट की माणूस तो ओढणारच नाही. दोन्ही बाजू मिळून आपल्यासाठी निष्कर्ष एकच निघतो: करपट चव आली की तो झुरका तिथेच सोडायचा. ‘अजून दोन ओढून बघू’ हा विचार महागाचा.

ओढण्याच्या दोन पद्धती आहेत आणि यंत्र त्यांपैकी एकीसाठीच चांगलं बनलेलं असतं. सिगारेटसारखं आधी तोंडात, मग छातीत. त्याला घट्ट हवा, ०.८ ते १.५ ओहम, ८ ते १५ वॅट लागतात. दुसरी पद्धत थेट छातीत ओढायची. त्याला मोकळी हवा, ०.१५ ते ०.४ ओहम आणि ४० वॅटच्या वर. सिगारेट सोडू पाहणाऱ्याला बहुधा पहिलीच रुचते. दोन्ही जमतात असं सांगणारी यंत्रं बरीच आहेत. त्यांच्याकडून एकच धड जमेल एवढी अपेक्षा ठेवावी. निकोटिनचं प्रमाण पद्धतीशी जुळलं पाहिजे. १८ मिलिग्रॅमचं द्रव बारीक पॉडमध्ये ठीक. तेच ६० वॅटच्या टाकीत घातलं तर एका झुरक्यात वाफ कितीतरी जास्त जाते आणि चक्कर, मळमळ, घाम, धडधड सुरू होते. थेट ओढणारे म्हणून ३ किंवा ६ मिलिग्रॅमवर असतात. बेंझॉइक आम्लासारख्या आम्लाबरोबर बांधलेलं, ज्याला सॉल्ट म्हणतात ते निकोटिन घशाला कमी टोचतं. म्हणूनच ते नकळत जास्त घेतलं जातं. ते फक्त कमी वॅटच्या पॉडसाठी.

हवा कुठून येते हेही बघावं. छिद्रं तळाशी असतील तर स्वाद चांगला लागतो, कारण हवा थेट तारेवर आदळते. पण गळायचं झालं तर द्रवाला वाटही तीच. वरच्या बाजूने हवा घेणारी टाकी कमी गळते. हवेचं कडं फिरवताना टकटक थांबे लागत असतील तर उत्तम. सैल कडं खिशात आपोआप फिरतं. बटण नसलेल्या, ओढलं की चालू होणाऱ्या पॉडमध्ये हवेचा संवेदक असतो. त्यात द्रव किंवा वाफेचं पाणी शिरलं की यंत्र कोणी न ओढताही पेटून राहू शकतं. आठवड्यातून दोनदा पॉड काढून खालची खाच कागदाने टिपली की हा प्रकार बराच टळतो.

गळतीबद्दल लोक टाकीला शिव्या देतात, पण कारणं बहुधा साधी असतात. भरताना हवेची छिद्रं उघडी राहिली. मधल्या नळीत द्रव पडलं. टाकी काठोकाठ भरली आणि वर हवेची जागाच उरली नाही. रबरी कडं चिमटलं किंवा चिरलं. कॉइल पूर्ण आत दाबली गेली नाही. विमानात हवेचा दाब बदलला की आतली हवा फुगते आणि द्रव बाहेर ढकलते. प्रवासाला टाकी रिकामीच न्यावी. टाकी काचेची असेल तर बोरोसिलिकेट काचेची हवी आणि बरोबर जादा काच आणि जादा रबरी कडी असलीच पाहिजेत. प्लॅस्टिकच्या काही टाक्या दालचिनी, लिंबूवर्गीय किंवा बडीशेपेसारख्या स्वादांनी तडकतात. हा दोष द्रवाचा नाही, प्लॅस्टिकचा आहे.

आता बॅटरी. इथे घाई करण्यासारखं काही नाही, कारण करपलेल्या कापसाने खोकला येतो आणि बिघडलेल्या बॅटरीने भाजतं. सुट्या बॅटरीचं सर्वांत चालतं माप १८६५०: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५. त्याहून जाड आणि लांब ती २१७००. पूर्ण भरलेली लिथियम-आयन बॅटरी ४.२ व्होल्ट देते. १८६५० वर ९९०० एमएएच (साठवणीचं माप) छापलेलं दिसलं तर ती सरळ फसवणूक आहे. खऱ्या बॅटऱ्या ३५००-३६०० च्या आसपास थांबतात. आणि जिची साठवण जास्त, तिची एका वेळी प्रवाह द्यायची ताकद सहसा कमी असते. दोन्ही कमाल सांगणाऱ्या बॅटरीवर विश्वास ठेवू नये. पाहायचा तो आकडा सलग प्रवाहाचा; क्षणिक झटक्याचा मोठा आकडा जाहिरातीसाठी असतो.

चिप असलेल्या यंत्रात एक गंमत आहे. वॅट कायम ठेवायचे म्हणून बॅटरी उतरत जाईल तसा चिप जास्त प्रवाह खेचते. एका बॅटरीवर ८० वॅट चालवले आणि बॅटरी ३.२ व्होल्टवर आली, की चिपमध्ये वाया जाणारी वीज धरून जवळपास २८ अँपिअर लागतात. २० अँपिअरच्या बॅटरीला हे झेपणारं नाही. तेच ८० वॅट दोन बॅटऱ्यांत वाटले तर प्रत्येकीवर १४ च्या आत. म्हणून ‘एक बॅटरी, १०० वॅट’ असं लिहिलेलं यंत्र मी ५० च्या वर न्यायला सांगणार नाही. सुट्या बॅटऱ्या दोन लागत असतील तर त्या एकाच वेळी घेतलेल्या, एकाच कंपनीच्या, नेहमी जोडीने वापरलेल्या आणि जोडीनेच भरलेल्या असाव्यात. जुनी-नवी मिसळली की कमकुवत असलेली मर्यादेपलीकडे उतरते.

बॅटरीवरचं प्लॅस्टिकचं वेष्टन फाटलं तर ती वापरायची नाही. तिचं जवळपास सगळं अंग ऋण टोक असतं आणि वरच्या धन टोकापासून ते मिलिमीटरभरच दूर असतं. खिशात किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर सुटी बॅटरी म्हणजे शॉर्टसर्किटला आमंत्रण. भाजल्याच्या कितीतरी घटना नेमक्या अशाच झालेल्या आहेत. प्लॅस्टिकच्या डबीशिवाय ती हलवूच नये. आतच बॅटरी असलेलं यंत्र पुस्तिकेत सांगितलेल्या व्होल्ट-अँपिअरवरच भरावं, उशीवर किंवा गादीवर ठेवून भरू नये आणि रात्रभर लावून ठेवू नये. विमानात ते हातातल्या सामानात. चेक-इनच्या सामानात ठेवायला २०१५ पासून आंतरराष्ट्रीय मनाई आहे.

चिपकडून किमान एवढं हवं: शॉर्टसर्किटला बंद पडणं, सुमारे दहा सेकंदांनी झुरका तोडणं, बॅटरी फार उतरली किंवा उलटी बसली तर चालू न होणं, जास्त तापलं की थांबणं, पाच वेळा बटण दाबून कुलूप. या यंत्रांच्या विद्युत सुरक्षेसाठी यूएल ८१३९ नावाचं मानक आहे. ते पाळल्याचा दाखला असेल तर ती मोठी जमेची बाजू. चिपच नसलेल्या, नुसत्या धातूच्या नळीच्या यंत्रात (त्याला मॉड म्हणतात) यांतलं काहीच नसतं. त्याला हौस म्हणा, पण सिगारेट सोडणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. एकदा वापरून फेकायच्या यंत्रात कॉइल बदलता येत नाही, द्रव निवडता येत नाही आणि बॅटरी मात्र चांगल्या अवस्थेत कचऱ्यात जाते.

द्रवाच्या बाबतीत एकच कडक नियम: तेल नको. खाण्याचा अर्क, सुगंधी तेल, जीवनसत्त्वाचं तेल, काहीच नाही. पोटात जे पचतं ते फुप्फुसात पचत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या तीव्र इजेची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेकडे २८०७ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतले ६८ दगावले. गांजातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या द्रव्याच्या बेकायदा व्हेप-कुप्यांत मिसळलेलं ई जीवनसत्त्वाचं ॲसिटेट हे त्यामागचं मुख्य कारण ठरलं. लोण्याची चव देणाऱ्या डायॲसिटिलचंही तसंच: पोटाला चालतं, पण २००० साली मिसुरीतल्या पॉपकॉर्नच्या कारखान्यात ते वाफेतून ओढणाऱ्या कामगारांची फुप्फुसं निकामी झाल्याचं समोर आलं. बाटलीवर घटक, निकोटिनचं प्रमाण, तुकडीचा क्रमांक आणि लहान मुलांना न उघडणारं झाकण नसेल तर ती घेऊ नये. निकोटिनचं द्रव गिळलं गेलं तर विष आहे; कातडीवर सांडलं तर लगेच साबणाने धुवायचं.

नवी कॉइल बसवण्याची रीत. कापसाच्या प्रत्येक उघड्या भोकावर दोन-तीन थेंब, आतल्या बाजूला एखादा. भिजवण्याच्या नावाखाली आंघोळ घालायची नाही. मग टाकी भरून दहा मिनिटं तशीच ठेवायची, दाट द्रव असेल तर पंधरा. वीज न देता तीन-चार हलके झुरके. छापलेली मर्यादा ४० ते ५० वॅट असेल तर ३५ वर सुरुवात आणि पाच-पाच झुरक्यांनी दोन-दोन वॅट वर. पहिल्याच झुरक्याला कमाल वॅट दिले तर कापसाचा मधला भाग करपतो आणि तो डाग कशानेच जात नाही. कॉइल फेकूनच द्यावी लागते. दोन झुरक्यांमध्ये पंधरा-वीस सेकंद जाऊ द्यायचे, तेवढ्यात कापूस पुन्हा भरतो.

कॉइल किती टिकेल ते द्रवातल्या गोडीवर असतं. सुक्रालोज घातलेलं गोड द्रव तारेवर काळी साय धरतं आणि आठवड्याच्या आत चव मरते. कमी गोडीच्या, स्वच्छ द्रवावर तीच कॉइल दोन-तीन आठवडे जाते. ती पाण्यात धुऊन वाळवायचे प्रयोग फुकट जातात, साय तशीच राहते. टाकी मात्र कोमट पाण्याने धुवावी, रबरी कडी काढून पुसावीत आणि आटे कोरडे करूनच पुन्हा बसवावीत. जुनी बॅटरी टाकताना दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून ती ई-कचऱ्यात द्यायची, घरच्या कचऱ्यात नाही. आत बॅटरी असलेलं यंत्रही तिथेच, टाकी रिकामी करून.